सोमेश्वराच्या डोक्यावर जिरेटोप

ठाण्यातल्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत यंदा एका मंडळाच्या ट्रकवर उत्तर कोकणावर राज्य केलेल्या शिलाहार घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर उभा होता. थर्माकोलचं गलबत, खाली निळ्या साटिनच्या लाटा, आणि राजाच्या डोक्यावर चक्क जिरेटोप. सोमेश्वर समुद्रात बुडाला १२६५च्या आसपास. जिरेटोप घातलेला राजा या मुलखाला दिसायला त्यानंतर चारशे वर्षं जायची होती. मला हसू आवरेना. शेजारी उभे असलेले आमच्या मजल्यावरचे काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पोरांनी त्याचं नाव तरी घेतलं. तुम्ही घेतलंत का कधी?"

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर रण पेटलं. एका बाजूचं म्हणणं, शिलाहार आमचे पूर्वज, त्यांचा उत्सव कसा करायचा ते आम्ही ठरवू. दुसरी बाजू म्हणे, कोण शिलाहार? राष्ट्रकूटांचे मांडलिक, शेवटी देवगिरीच्या यादवांकडून मार खाल्ला, त्याला साडेसातशे वर्षं झाली. आधी घोडबंदर रोडचे खड्डे बुजवा. मग कोणीतरी लिहिलं की घाटावरून आलेल्यांनी आमच्या इतिहासात नाक खुपसू नये. तिथून पुढचं इथे लिहिण्याजोगं नाही. ॲडमिनने रात्री साडेदहाला ग्रुपला कुलूप घातलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ठाण्याने शिलाहारांची आठवण ठेवावी, आत्ता ठेवतं त्याहून कितीतरी जास्त ठेवावी. पण या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलताच मान्य करून टाकली आहे, ती म्हणजे आठवण ठेवायला रक्ताचं नातं लागतं. एक म्हणतो ते नातं माझ्याकडे आहे, तेव्हा हक्क माझा. दुसरा म्हणतो माझ्याकडे नाही, तेव्हा मला काय त्याचं. दोघंही चुकतात, आणि ते चुकतात हे सांगायला खुद्द शिलाहारांइतके चांगले साक्षीदार नाहीत.

भिवंडीजवळच्या भादाणे गावाच्या नावाने ओळखला जाणारा एक ताम्रपट आहे. तो शिलाहार राजा अपराजिताने शके ९१९मध्ये, म्हणजे ९९७ साली दिला. शिलाहार तोवर पिढ्यान्‌पिढ्या राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. पण ९७३मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचं राज्य बुडवलं होतं. धनी जाऊन चोवीस वर्षं झालेली. व्यवहारी माणूस काय करील? नव्या धन्याचं नाव वर घालील, किंवा निदान जुन्याचं गाळून टाकील. अपराजिताने काय केलं, तर स्वतःच्या घराण्याची कुळी सांगण्याआधी राष्ट्रकूटांची अख्खी वंशावळ कोरून घेतली आणि ते राज्य लयाला गेल्याची खंत नोंदवली. ज्यांच्याशी रक्ताचा संबंध नाही, ज्यांच्याकडून आता काही मिळायचं नाही, अशा बुडालेल्या राज्याचं हे स्मरण आपल्या ठाणे जिल्ह्यात, हजार वर्षांपूर्वी, तांब्यावर केलेलं आहे. ग्रुपवर तावातावाने लिहिणाऱ्या कोणालाही हे ठाऊक नव्हतं. मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं, ते कबूल करतो.

दुसरी गंमत त्यांच्या बिरुदात आहे. हे राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. गोरोबाकाकांचं तेर. माझं आजोळ तिथून दोन तासांवर. लहानपणी सुट्टीत तेरला जायचो तेव्हा त्रिविक्रमाचं देऊळ आणि शेतात सापडणारे मणी, खापरं एवढंच माहीत. ठाण्यात नोकरीला आल्यावर कळलं की इथल्या राजांनी तेराव्या शतकापर्यंत त्या गावाचं नाव मिरवलं. उत्तर कोकणच्या या शिलाहारांनी तेरवर राज्य केल्याचा पुरावा नाही. ती केवळ मूळ गावाची आठवण होती, आडनावासारखी. शिवाय त्यांच्या बिरुदांत 'गंडरगंड'सारखी थेट कानडी वळणाची बिरुदं. म्हणजे 'घाटावरून आलेल्यांनी' वगैरे जे कोणी लिहिलं, त्याने ते कोणाच्या नावाने लिहिलं? घाटावरून आलेल्या, कानडी बिरुदं मिरवणाऱ्या, आपलं गमावलेलं गाव जपणाऱ्या घराण्याच्या नावाने. गेली पन्नास वर्षं ठाण्यात जो येऊन राहिला, त्याचंच हे वर्णन नाही का?

आता वंशजांचा दावा. तो मी हसण्यावारी नेणार नाही. शेलार हे आडनाव शिलाहारावरूनच आलं असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि शब्दाचा प्रवास पाहता ते अशक्य मुळीच नाही. पण शिलाहारांची राज्य करणारी घराणी तीन: उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर. सोमेश्वरानंतर त्याच्या घरातलं कोण कुठे गेलं, याचा सलग कागद कोणाकडेच नाही. आणि शिलाहारांची स्वतःची कुळकथा तरी काय? नागाच्या जागी गरुडापुढे शिळेवर जाऊन बसलेला विद्याधर जीमूतवाहन, तो यांचा मूळपुरुष. त्यांनाही पूर्वज निवडावाच लागला. आणि निवडला तो जिंकणारा नव्हे, दुसऱ्यासाठी मरायला बसलेला. कुळीचं हे वेड आपल्याकडे नवं नाही. शिलाहारांच्या मागोमाग येणाऱ्या बिंब राजांची हकिगत सांगणारी महिकावतीची बखर इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९२४मध्ये छापली. तिचा जुना भाग १४४८चा. त्यात युद्धं आहेतच, पण पानंच्या पानं कोणतं कूळ कुठून आलं, कोण सोमवंशी, कोण सूर्यवंशी याने भरलेली आहेत. राज्य जाऊन शंभर वर्षं झाली की मागे राहिलेली माणसं आधी मानाची उतरंड ठरवायला बसतात. आज व्हॉट्सॲपवर जे चाललं होतं, ते पंधराव्या शतकात बोरूने चालत होतं, इतकाच फरक.

'मांडलिक आणि हरलेले' या आक्षेपाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. शिलाहार बहुतेक काळ कोणाच्या ना कोणाच्या छत्राखाली होते. त्यांचा राजा मल्लिकार्जुन गुजरातच्या कुमारपालाच्या सेनापतीशी लढताना मारला गेला. सोमेश्वराचा पाठलाग यादव महादेवाच्या हत्तींनी किनाऱ्यापर्यंत केला, मग तो गलबतात बसला, आणि महादेवाचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत कवीने टोमणा मारला आहे की महादेवाच्या क्रोधाला तोंड देण्यापेक्षा त्याने समुद्रात बुडणं पत्करलं. बोरिवलीजवळ एक्सरला जे नौकायुद्धाचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मरणाचे दगड आहेत, वल्ह्यांच्या रांगा दाखवणारे, ते याच लढाईचे असावेत असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. हे सगळं खरं. पण यादवही आधी चालुक्यांचे मांडलिकच होते, आणि सोमेश्वराला बुडवून अर्धशतक होतं न होतं तोच त्यांचंही राज्य संपलं. हरण्याच्या कसोटीवर कोणाला आठवायचं ठरवलं, तर इतिहासाच्या पुस्तकात मलपृष्ठाशिवाय काही उरेल का?

आणि शिलाहारांत आठवण्यासारखं जे आहे ते रणांगणावर नाहीच. अंबरनाथचं शिवालय बघा. उत्तरेच्या दारावर शके ९८२चा लेख, म्हणजे १०६०, राजा मुम्मुणी. महाराष्ट्रात भूमिज शैलीची, म्हणजे शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा असलेली, जी देवळं पुढे झाली, त्यांतलं हे अगदी सुरुवातीचं. पहिल्या अपरादित्याने आपला वकील तेजकंठ थेट काश्मीरला पाठवला, आणि तिथल्या मंख कवीने आपल्या काव्यात त्याला पंडितांच्या सभेत बसलेला दाखवला. याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथावरची अपरार्काची टीका, म्हणजे भाष्य, या घराण्यातल्या राजाच्या नावावर आहे. अरब प्रवासी मसूदी ९१६च्या सुमारास चौलला आला होता. शिलाहार राजा झंझ याच्या अमलाखाली तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं तो लिहितो. कोल्हापूरच्या शाखेतल्या गंडरादित्याने मिरज भागात एक तळं खोदलं आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन या तिघांची देवळं उभारली. हातात तलवार दिलेल्या, डोळे वटारलेल्या थर्माकोलच्या राजात यातलं काय दिसतं? माझी तक्रार टोपापेक्षा तलवारीबद्दल जास्त आहे. व्यापाराची, बंदरांची, तळ्यांची, करमाफीच्या सनदांची ही राजवट. तिला आपण जबरदस्तीने सतराव्या शतकातल्या लढाईत उभं करतो, कारण राजा म्हणजे एवढंच चित्र आपल्याकडे उरलंय.

रक्ताच्या हक्काबद्दल आणखी एक बघा. १८६९मध्ये जोतीराव फुले रायगडावर गेले, झाडोऱ्यात हरवलेली शिवाजी महाराजांची समाधी त्यांनी मोकळी केली आणि पोवाडा लिहिला. तेव्हा छत्रपतींचं रक्त संपलं होतं का? कोल्हापूरची गादी होती, ज्यांच्या घराण्यांना महाराजांनी मोठं केलं ते सरदार होते, संस्थानं होती, इनामं चालू होती. समाधी साफ करायला गेला पुण्याचा एक माळी. आपल्या कौपिनेश्वराचंही तेच. हे स्थान शिलाहारकालीन मानलं जातं, पण आज तलावपाळीसमोर जे देऊळ उभं आहे ते १७६०मध्ये बांधून घेतलं पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी. मराठ्यांनी ठाणं पोर्तुगीजांकडून घेऊन जेमतेम तेवीस वर्षं झाली होती. बिवलकरांनी कोणाचा वंशवृक्ष तपासल्याचं ऐकिवात नाही.

तरीही एक आक्षेप असा आहे की ज्यापुढे माझं हे सगळं थोडं लंगडं पडतं. तो ग्रुपवर कोणी घेतला नाही. कळव्यातल्या माझ्या एका आगरी मित्राने घेतला, चहा पिताना, अगदी शांतपणे. "तुझं बरोबर आहे रे, वारसा सगळ्यांचा. जमीनपण सगळ्यांचीच झाली ना आमची." त्याच्या मामाचं गाव उरणच्या बाजूला. १९७०मध्ये सिडको आली, नव्या मुंबईसाठी गावंच्या गावं संपादनात गेली. १९८४च्या जानेवारीत जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के जमीन परत मिळाली. साडेबारा टक्के! मिठागरं गेली, खाडी गेली, शेतं गेली, गावठाणाभोवती टॉवर उभे राहिले. अशा माणसाकडे 'आम्ही इथले मूळचे' एवढं एकच वाक्य उरतं. आणि तेवढ्यात माझ्यासारखा कोणीतरी बाराव्या मजल्यावरून खाली येऊन सांगतो की इतिहास काही कोणाच्या बापाचा नसतो. त्याने ते कसं ऐकावं? उरणमध्येच चांजे आणि रानवड इथे सोमेश्वराचे शेवटच्या काळातले शिलालेख मिळालेत, १२५९-६०चे. म्हणजे ज्या राज्याचा अंत इतिहासात नोंदला गेला, त्याच मातीतल्या लोकांचा दुसरा अंत आपण डोळ्यांदेखत बघितला. वंशजाचा दावा पुष्कळदा बढाई नसते, तो सातबारा हरवल्यावरचा हुंदका असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग माझं मत बदललं का? थोडं सरकलं. स्मरण सगळ्यांचं, पण पहिला शब्द गाववाल्यांचा, असं आता मी म्हणतो. कारण राखलंय त्यांनी, आणि रक्ताच्या अभिमानातून नव्हे, तर भीतीतून आणि मायेतून.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भिवंडी तालुक्यातल्या एका गावात वेशीजवळच्या चिंचेखाली एक गधेगळ आहे. गधेगळ म्हणजे शापाचा दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढव आणि बाई यांचं असं चित्र की शाळेच्या सहलीला दाखवता येत नाही. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती शिवी आहे, दगडात कोरलेली. शिलाहारांच्या मुलखात असे दगड जागोजागी मिळतात. परळच्या ११८७च्या लेखात तर हा शाप सरळ मराठीत आहे. आम्ही गेलो तेव्हा एक आजी त्या दगडाला तेल लावत होत्या. अक्षरं शेंदराखाली गडप झालेली. मी विचारलं, आजी, हा कोण देव? "देव कसला, राखणदार हाय. बाप सांगायचा, याला हलवला त्याचा वंश बुडतो." बरोबरचा एक इतिहासप्रेमी शेंदूर खरवडायला निघाला होता. आजींनी त्याच्या हातावर फटका मारला आणि बरंच केलं. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण दगडावर लिहिलेल्या मजकुराचा अर्थ, हलवशील तर वंश बुडेल, हा आठशे वर्षं तोंडातोंडी जवळजवळ तसाच टिकला होता. याच्या उलट आमच्या भागात एका इमारतीच्या पायात निघालेला कोरीव दगड दोन दिवस ताडपत्रीखाली होता, तिसऱ्या दिवशी भरावात गेला. तिथे राहायला आलेल्यांत शिलाहारांवर रील टाकणारे दोघं तरी आहेत.

त्या काळच्या दानपत्रांत एक श्लोक पुन्हापुन्हा येतो: 'मद्वंशजाः परमहीपतिवंशजा वा'. दान देणारा राजा म्हणतो, पुढे येणारे राजे माझ्या वंशातले असोत की परक्या राजाच्या वंशातले, जे माझं हे धर्मकार्य सांभाळतील त्यांच्यापुढे मी हात जोडून मस्तक नमवतो. आपला वंश राहील याची खात्री त्या राजांनाच नव्हती. म्हणून त्यांनी मृत्युपत्रात वारसाच्या रकान्यात मुलाचं नाव न घालता सांभाळणाऱ्याचं घातलं. ज्यांच्या नावाने आपण वंशाचा वाद घालतो, त्यांनी तो निकालात काढून ठेवलाय.

राहिला खड्ड्यांचा मुद्दा. पुतळ्यावर आणि कमानीवर खर्च नको, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण आठवण ठेवायला पुतळा लागतो हे कोणी सांगितलं? अंबरनाथच्या देवळाला लागून वालधुनी वाहते. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचं काय झालंय ते नाक असलेल्या कोणालाही कळतं. ती साफ झाली तर मुम्मुणीचं स्मरणही होईल आणि खाली राहणाऱ्या माणसांना श्वासही घेता येईल. ठाण्यात साठ तळी होती म्हणतात, आता तीस-पस्तीस उरली. राहिलेल्यांच्या काठी मराठीत नीट पाटी लावायला, गावागावांतले गधेगळ आणि वीरगळ जागच्या जागी नोंदवायला, पायाखोदाईत दगड निघाला तर काम थांबवून कळवायची सक्ती करायला किती पैसे लागतात? पुराभिलेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी शिलाहारांचे लेख इंग्रजीत संपादून दिले, ते १९७७मध्ये छापून आले. त्यांतल्या ठाणे जिल्ह्यापुरत्या लेखांचं सोपं मराठी भाषांतर शाळेत पोचलं असतं, तर त्या ट्रकवरच्या पोरांनी जिरेटोप घातला नसता. अठराव्या शतकाच्या शेवटी ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७चा ताम्रपट निघाला आणि त्याचा इंग्रजी तर्जुमा कलकत्त्यात लगेच छापलाही गेला. त्या किल्ल्यात आता तुरुंग आहे. शेजारून रोज हजारो माणसं जातात, आणि या मातीतून काय निघालं हे सांगणारी एक ओळ मला तिथे कधी दिसलेली नाही.

शोभायात्रेनंतर आठ दिवसांनी काकांनी त्या मंडळाच्या पोरांना घरी बोलावलं, मलाही. पोरं आधी जरा तोऱ्यात होती. एकाचं आडनाव शेलार, एकाचं पाटील, एकाचं यादव. यादव म्हटल्यावर सगळे हसले, तोही हसला. शेलारने विचारलं, "मग काय घालायचं सोमेश्वराच्या डोक्यावर?" मला उत्तर देता आलं नाही. रविवारी सकाळी आम्ही सात जण लोकल पकडून अंबरनाथला गेलो. काका नाकाला रुमाल लावून वालधुनीच्या पुलावर थांबले. पोरं देवळाच्या बाहेरच्या भिंतीभोवती फिरत होती, मान वर करून एकेक मूर्ती, मुकुट, केसांची बांधणी, कानातलं मोबाइलवर टिपत. अर्ध्या तासाने यादव माझ्याकडे आला, फोटो मोठा करून दाखवत म्हणाला, "दादा, हा मुकुट थर्माकोलमध्ये जमणार नाही. कागदाच्या लगद्यात करावा लागेल. आणि हे बघा, याच्या हातात तलवार नाहीये."